चांगुणाबाईंच्या नावाचा कोळी

आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दाराच्या आतल्या बाजूला, समुद्राच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं असायचं. कॉलेज धाराशिव जिल्ह्यातलं, बालाघाटच्या माथ्यावरचं. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर किती वाजता येईल हे आम्हाला कुणाला सांगता यायचं नाही, पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पाणी किती वाजता उतरेल ते मिनिटासकट सांगता यायचं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सलगर सर ते स्वतःच्या हातानं लिहून काढत आणि जुनं वेळापत्रक उलटं करून त्याच्या पाठीवर परीक्षेचे प्रश्न लिहीत.

मी तिथं ग्रंथपाल म्हणून रुजू झाले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर ग्रंथालयात आले. उंच, काळेसावळे, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पँट घोट्याच्या चार बोटं वर. गळ्यात करदोट्याच्या काळ्या दोऱ्यात ओवलेलं एक भिंग. हातात कागद.

"तुम्हीच नवीन ग्रंथपाल ना? एवढं कुठं मिळतंय का बघा."

कागदावर दहा-बारा लेखांची नावं होती. त्यातला एकही आम्हा दोघांपेक्षा वयानं लहान नव्हता. एक जर्मन भाषेतला होता. आमच्या ग्रंथालयात तोवर गाइडांना आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांनाच मागणी होती. मी म्हटलं, "सर, हे कशाबद्दल आहे सगळं?"

"कोळ्यांबद्दल. समुद्राच्या."

"मासेमारीबद्दल?"

सर हसले नाहीत. हा प्रश्न त्यांना अनेकांनी विचारला असणार. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला समजावून सांगायला बसले. मग मला कळलं, की आठ पायांच्या कोळ्यांची एक प्रजाती अशी आहे, जी समुद्राच्या काठावर, भरतीचं पाणी जिथं रोज दोनदा चढतं त्या खडकांमध्येच राहते. तिच्या जाती दक्षिण आफ्रिकेपासून लक्षद्वीप, सिंगापूर, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडपर्यंत पसरलेल्या आहेत. आपल्या कोकणातही आहेत. कोणती जात कुठंपर्यंत आहे, कुठं संपते आणि दुसरी कुठं सुरू होते, याचा नीट हिशोब कुणी लावलेला नाही. तो लावायचं सरांनी मनावर घेतलं होतं.

"पण सर, इथून समुद्र..."

"एका दिवसाच्या एसटीवर आहे," सर म्हणाले. "बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज, कोल्हापूर. पुढं घाट उतरला की आलाच."

सलगर सर म्हणजे भानुदास सलगर. गाव ईट. घर मेंढपाळांचं, आणि शाळेची पायरी चढलेला घरातला पहिला माणूस ते. वडील लवकर गेले. आई चांगुणाबाई, त्यांनी कळप सांभाळून या एकुलत्या एका मुलाला शिकवलं. सरांनी तिशीपर्यंत समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा पाहिला तो कॉलेजची सहल घेऊन दापोलीच्या बाजूला गेले तेव्हा. ती गोष्ट त्यांनी मला निदान पाच वेळा सांगितली असेल, आणि दरवेळी तीच सांगितली, एक शब्दही वाढवला नाही.

मुलं पाण्यात खेळत होती. सर खेकडे बघत खडकावर बसले होते. तेवढ्यात ओल्या दगडावरून एक करड्या रंगाचा कोळी चालत गेला. सरांना वाटलं, वाट चुकून आलाय बिचारा, भरती आली की बुडणार. त्याला उचलून वर ठेवावं म्हणून ते मागं गेले, तर तो एका भोकात शिरला. पाणी चढत होतं. त्यानं आतून भोकाच्या तोंडावर जाळं विणलं, दार लावल्यासारखं. पाणी वरून गेलं. सर सहा तास तिथंच बसले. मुलं जेवून आली, झोपून उठली. पाणी उतरलं तेव्हा ते दार फाडून कोळी बाहेर आला आणि कोरडाच्या कोरडा शिकारीला लागला.

"हवा कोंडून घेतो आत," सर सांगायचे. "तेवढ्यावर काढतो सहा तास. आणि धीर बघा मॅडम त्याचा. डोक्यावर समुद्र आहे आणि हा गप बसलाय."

त्या दिवसापासून दर दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सर कोकणात. खांद्याला शबनम, त्यात काचेच्या कुप्या, चिमटे, एक टॉवेल आणि वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, दिलेल्या दशम्या. पहिल्या वर्षी हर्णैच्या बंदरावर त्यांनी एका म्हाताऱ्याला विचारलं, "इथं कोळी कुठं सापडतील?" म्हाताऱ्यानं त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "आमीच कोळी. बोला." पुढं त्याच म्हाताऱ्याकडं सर दरवर्षी मुक्कामाला राहू लागले आणि दर खेपेला जाताना त्याच्यासाठी ज्वारीचं पीठ नेऊ लागले.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर हिंदी आणि पॅसिफिक महासागरांचा एक मोठा नकाशा होता. त्यावर वहिनींच्या टिकल्या. लाल टिकली म्हणजे सरांनी स्वतः पाहिलेली जागा, हिरवी म्हणजे वाचलेली. हिरव्या टिकल्या आफ्रिकेपासून सामोआच्या बेटांपर्यंत. लाल फक्त कोकणाच्या काठाला, दोन ठिकाणी, दाटीवाटीनं. प्रयोगशाळेतले रज्जाकभाई म्हणायचे, "सर, वहिनीकडं कपाळाला लावायला काही ठेवता का न्हाय?"

एकदा एका मुलीनं त्या नकाशाकडं बघत विचारलं, "सर, ह्यो पोहत न्हाय, उडत न्हाय, मग एका बेटावरनं दुसऱ्या बेटावर कसा गेला?"

"माहीत नाही," सर म्हणाले.

वर्ग हसला. सर थांबले आणि पुन्हा म्हणाले, "माहीत नाही. कुणी म्हणतं वाहत्या लाकडाच्या भोकात बसून गेला असंल. मलाही तसं वाटतं. पण वाटणं म्हणजे माहीत असणं न्हवं. दिसतं ते शाईनं लिहायचं, वाटतं ते शिसपेन्सिलीनं."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि नुसतं बोलायचं नाही. त्यांच्या वह्या मी पाहिल्यात. अर्ध्या ओळी शाईतल्या, अर्ध्या पेन्सिलीतल्या, आणि पेन्सिलीच्या खूपशा खोडलेल्या.

असा बारा-तेरा वर्षांचा खटाटोप झाल्यावर एके दुपारी सर ग्रंथालयात येऊन माझ्या समोर बसले. मग म्हणाले, "मॅडम, हर्णैचा वेगळा आहे."

कोकणच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ल्याकडं सापडणारा कोळी जुनाच, नोंदलेला होता. त्याचा जबडा मोठा, पुढं आलेला. हर्णैकडचा अंगानं लहान, जबडा आखूड, जबड्यावरच्या दातांची मांडणीही निराळी. नर एकच मिळाला होता, तोही पाय तुटलेला, पण माद्या भरपूर. सगळी मापं घेऊन, चित्रं काढून सरांनी लेख लिहिला. नव्या जातीला नाव देण्याचा मान शोधणाऱ्याचा असतो. सरांनी नाव दिलं, चांगुणी. आईच्या नावावरून.

लेख परदेशातल्या एका नियतकालिकाकडं गेला. सात-आठ महिने प्रश्नोत्तरं झाली. आणि एके दिवशी पत्र आलं की लेख स्वीकारला, अमुक अंकात छापू. ते पत्र मीच त्यांना ग्रंथालयाच्या संगणकावर उघडून दाखवलं. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, "तुमच्या वहिनींना फोन लावा जरा. माझ्या हातानं नंबर दाबला जाईना."

मग जे व्हायचं ते झालं. छापून यायच्या आधीच प्राचार्यांनी सत्काराची तारीख ठरवली. ईटच्या स्टँडवर फ्लेक्स लागला. त्यावर सरांचा फोटो, चांगुणाबाईंचा फोटो, आणि मधोमध इंटरनेटवरून उतरवलेला एक भलामोठा केसाळ कोळी. सरांनी तो फ्लेक्स बघितला आणि हळूच मला म्हणाले, "हा डोंगरातला आहे. समुद्राचा न्हाय. आणि त्याचे सातच पाय आलेत."

सत्काराला चांगुणाबाईंना जीपनं आणलं. ऐंशीच्या घरातल्या. ठेंगण्या, ताठ, नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण. भाषणं चालली होती तेव्हा त्या पहिल्या रांगेत शाल पांघरून बसल्या होत्या आणि वर गरगरणाऱ्या पंख्याकडं बघत होत्या. कार्यक्रम संपला तसं म्हणाल्या, "माझ्या नावाचा किडा कुठं हाय? दावा तर खरं."

आम्ही सगळे प्रयोगशाळेत गेलो. सरांनी दोन सूक्ष्मदर्शक शेजारी शेजारी लावले. एकात हर्णैचा कोळी, दुसऱ्यात तुलनेला वेंगुर्ल्याचा. म्हातारीचा डोळा नळीपर्यंत पोचेना, म्हणून रज्जाकभाईंनी स्टूल आणलं आणि धरून ठेवलं. चांगुणाबाईंनी एक डोळा मिटला. खूप वेळ बघितलं. मग दुसऱ्यातून बघितलं. मग परत पहिल्यातून.

"ह्ये माझं?"

"व्हय," सर म्हणाले.

"अन् ह्ये?"

"ती दुसरी जात. तिचा जबडा बघ की केवढा हाय. तुझ्याचा लहान."

म्हातारीनं पुन्हा डोळा लावला. "एकाच कळपातली हायत की रं ही."

सगळे हसले. सरही हसले. "न्हाय आई. जबड्यात फरक हाय, दातात..."

"जबड्याचं काय घिऊन बसलास. काळ्या रानातली मेंढी अन् माळावरची मेंढी शेजारी हुबी केली, तर परकं मानूस म्हनंल दोन जाती हायत्या. एकीच्या अंगावर मांस, एकीची हाडं दिसत्यात. तोंडसुद्दा येगळं दिसतंय. पर दोगी एका आईच्या आसत्यात. एक हितं चरली, एक तितं." एवढं बोलून त्या स्टुलावरून उतरल्या. "च्या हाय का न्हाय तुमच्यात?"

चहा झाला, फोटो झाले, जीप गेली. मी पर्स विसरले म्हणून प्रयोगशाळेत परत आले, तर सर एकटेच होते. एका सूक्ष्मदर्शकातून बघत, मग दुसऱ्यातून. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता म्हणाले, "मॅडम, हर्णै बघितलं. वेंगुर्लं बघितलं. मधला सगळा किनारा मी कधी बघितलाच न्हाय."

"वेळच कुठं होता सर तुम्हाला."

"वेळ होता. दोन टोकं वेगळी दिसली, म्हणून मधलं बघायची गरज वाटली नाही."

त्या दिवाळीत सर हर्णैला गेले नाहीत. देवगड आणि विजयदुर्गाच्या बाजूला गेले. एरवी पाच-सहा दिवसांत परत यायचे, त्या वेळी पंधरा दिवस लागले. परत आले ते उन्हानं भाजून, गुडघे फुटलेले, आणि शबनम कुप्यांनी भरलेली. कॉलेज उघडल्यावर तीन दिवस त्यांनी तास सोडले तर प्रयोगशाळेचं दार उघडलं नाही. रज्जाकभाई मला येऊन सांगायचे, "जेवनाचा डबा तसाच हाय. काय तर मोजत बसल्यात."

चौथ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर कुप्या एका ओळीत मांडल्या होत्या, डावीकडून उजवीकडं. डाव्या टोकाला हर्णैचा लहान जबड्याचा, उजव्या टोकाला वेंगुर्ल्याचा मोठ्या जबड्याचा. आणि मध्ये सगळे. थोडा लहान, त्याहून थोडा मोठा, त्याहून थोडा. मला प्राणिशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण त्या ओळीत बोट ठेवून 'इथं एक जात संपली' असं मलाही सांगता आलं नसतं.

"यातले सात एकाच कातळावरचे आहेत," सर म्हणाले. "रिकाम्या कालवाच्या शिंपल्यात राहणारे लहान. मोठ्या भेगेत राहणारे मोठे. आणि जात पक्की ठरते ती नरांवरून. नर मिळाले या वेळी, चांगले चार. सगळ्यांची घडण एकच. जातीत फरक नाही. घरात फरक आहे."

मी म्हटलं, "आईंनी सांगितलं तेच."

"तिनं एका नजरेत सांगितलं. मला बारा वर्षं लागली."

त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पण कुप्या परत खोक्यात ठेवताना एक कुपी दोनदा हातातून निसटली.

दुपारी ते ग्रंथालयात आले. लेख मागं घेतो, असं पत्र लिहायचं होतं. एका बोटानं टाइप करत बसले. चार ओळींचं पत्र, त्याला पाऊण तास लागला. लेख छापून यायला महिना-दीड महिना राहिला होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, छापून येऊ द्या. दुसऱ्या कुणाला चूक सापडली तर तेव्हा बघता येईल. दहा-दहा, वीस-वीस वर्षं लागतात लोकांना, तुम्हीच सांगता. तोवर आईंचं नाव राहील."

सरांनी पडद्यावरून नजर काढली नाही. "राहील की. पुढं कुणीतरी पोरगं ह्या किनाऱ्यावर काम करायला येईल. दोन जाती आहेत असं धरून चालेल. त्याचीबी बारा वर्षं जातील." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि आईच्या नावावर खोटं कशाला ठेवू मी."

पत्र गेलं.

प्राचार्य चिडले, ते स्वाभाविक होतं. सत्कार झाला होता, वर्तमानपत्रात बातमी आली होती, सरांच्या बढतीच्या अर्जात त्या लेखाचा मोठा वाटा होता. ते म्हणाले, "सलगर, निदान एक वर्ष तरी गप्प बसायचं."

सर म्हणाले, "वर्षानं कोळी बदलणार आहे का साहेब?"

स्टाफरूममध्ये काही दिवस हसणं झालं. सापडलेला कोळी सरांनी परत हरवला, असं एकजण म्हणाला. सर ऐकून घ्यायचे. त्यांना खरी काळजी एकच होती. एका शनिवारी त्यांनी मला विचारलं, "मॅडम, उद्या ईटला येता का? आईला सांगायचंय. एकट्याला धीर होईना."

आम्ही गेलो. गावाबाहेर माळाला लागून घर. पुढं वाघर, म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, लावलेली. मोठा कळप पुतण्यानं चरायला नेला होता. चांगुणाबाई ओट्यावर बसून मांडीवरल्या कोकराच्या अंगातले गोखरूचे काटे वेचत होत्या.

"काय रं, आज कसा काय आलास? अन् बाईबी आल्यात."

सर त्यांच्या शेजारी टेकले. मला वाटलं, आधी इकडचं तिकडचं बोलतील. पण त्यांनी सरळच सांगितलं. "आई, त्या किड्याला तुझं नाव देता येत न्हाय आता."

"का?"

"तू म्हनली व्हतीस तसंच निघालं. दोन्ही एकच हायत. अन् त्याला आधीचंच नाव हाय."

"कुनी ठिवल्यालं?"

"लई वर्सं झाली. साहेबाच्या राज्यातलं."

म्हातारीनं एक काटा ओढून काढला, बाजूला टाकला. "मंग ऱ्हाऊ दे की त्येच. एका जित्राबाला दोन नावं आसली, तर हाक मारल्यावर त्येनं कशाला वो म्हनायचं?"

सर खाली बघत बसले. माझ्या लक्षात आलं की त्यांचे डोळे भरलेत. चांगुणाबाईंच्याही लक्षात आलं. त्यांनी कोकरू उचललं आणि मुलाच्या मांडीवर ठेवलं. "हे धर. मागलं पाय धर नीट. लाथा मारतंय."

सरांनी पाय धरले. आई काटे काढत राहिली. पुष्कळ वेळानं त्या कोकराशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "सत्कारात शाल चांगली दिली व्हती. ती द्यावी लागंल का परत?"

सर हसायला लागले ते थांबेनात. मग म्हातारीही हसली.

पुढच्या वर्षी सरांनी दुसरा लेख लिहिला. त्यात नवं नाव काहीच नव्हतं. कोकण किनाऱ्यावर ही एकच जात आहे, ती अशी पसरलेली आहे, जबड्याचा आकार राहण्याच्या जागेप्रमाणं बदलतो, आणि म्हणून नुसत्या जबड्यावरून जात ठरवू नये. एवढंच. लेखाच्या शेवटी आभार होते. त्यात लिहिलं होतं की दोन्ही नमुने एकाच जातीचे आहेत, हे पहिल्यांदा श्रीमती चांगुणाबाई सलगर, ईट, यांनी ओळखलं.

संपादकांकडून शंका आली. या बाई कोणत्या संस्थेत काम करतात, ते लिहिलेलं नाही. सर ते पत्र घेऊन माझ्याकडं आले. "काय लिहू?"

"काय खरं आहे ते."

त्यांनी लिहिलं, मेंढपाळ, स्वतंत्र.

आणि तसं छापून आलं. अंक आला त्या दिवशी सर तो घेऊन ईटला गेले. सोमवारी मी विचारलं, काय म्हणाल्या आई? सर म्हणाले, "नावावर बोट ठेवून विचारलं, हेच का माझं? लई बारीक लिहिलंय म्हणाली. मग विचारलं, मेंढ्यांचं लिवलंय का? म्हटलं, लिहिलंय. मग बरं, म्हणाली."

बढती त्या वर्षी मिळाली नाही. नंतर मिळाली, निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना. तोवर चांगुणाबाई गेल्या होत्या. एका सकाळी ओट्यावर बसल्या जागी. सर दहा दिवसांनी कामावर आले ते केस काढलेले, टोपी घातलेली. मी उठून खुर्ची पुढं केली. सरच म्हणाले, "मॅडम, तिला एकदा समुद्र दाखवायचा राहिला. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या खेपेला. ती म्हणायची, कळप कुणाच्या जिवावर सोडू." आणि तासाला निघून गेले.

निवृत्तीनंतर सर ईटलाच राहिले. आम्ही फोनवर बोलायचो. एकदा बोलता बोलता म्हणाले की हल्ली कडेचं दिसत नाही. दारातून आत जाताना खांदा चौकटीला लागतो. बार्शीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उशीर झाला होता. औषधं चालू राहिली, पण वर्ष-दीड वर्षात समोरचंही धूसर झालं. "माणूस आहे एवढं कळतं," ते म्हणायचे, "कोण आहे ते आवाजावरून."

मग एकदा त्यांनी मला बोलावून घेतलं. पुण्याहून एक तरुण संशोधक मुलगी येणार होती. तिलाही याच कोळ्यांवर काम करायचं होतं. सरांनी आपला सगळा संग्रह तिला द्यायचं ठरवलं होतं, आणि यादी करायला त्यांना माझी मदत हवी होती.

मी गेले. घर तेच, ओटा तोच. आत खोलीत खोकी लावून ठेवलेली. ती मुलगी एकेक कुपी उचलायची, चिठ्ठी वाचायची, मी लिहून घ्यायचे. सर भिंतीला टेकून बसलेले. तिनं जागेचं नाव वाचलं की सर पुढचं सांगायचे. "हां. ती काळ्या खडकाच्या उत्तरेची. त्या दिवशी पाऊस होता." "ती भंडारणीच्या घरामागची. तिनं मला सोलकढी दिली होती." एका कुपीवरची शाई पार उडाली होती. मुलगी म्हणाली, "सर, हिच्यावर काहीच वाचता येत नाही." सरांनी हात पुढं केला, कुपी बोटांत फिरवली, बुचावरून अंगठा फिरवला. "कापसाचा बोळा आहे का आत? मग विजयदुर्ग. तिथं बुचं संपली होती, कापूस लावला होता. लिहा. पण पेन्सिलीनं लिहा."

संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. खोकी गाडीत ठेवली. त्या मुलीनं पायाला हात लावला, तर सरांनी तिला उठवलं आणि विचारलं, "पोहता येतं का?" ती म्हणाली, येतं. "मग ठीक. मला येत नव्हतं. हिला कधी सांगितलं नाही." वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता कळलं." गाडी गेली. सरांनी एकही कुपी स्वतःकडं ठेवली नाही. रिकाम्या खोलीत ते एकदा जाऊन आले, बाहेर येऊन वहिनींना म्हणाले, "ज्वारीची पोती ठेवायला जागा झाली बघ."

माझी भूमला, घरी जायची एसटी सहाची होती. नको म्हणत असताना सर स्टँडपर्यंत यायला निघाले. हातात काठी होती, पण रस्ता पायांना पाठ होता. वाटेत भेटणारे "राम राम सर" म्हणायचे, आणि सर आवाजावरून नाव घेऊन त्यांच्या पोराबाळांची चौकशी करायचे.  मध्येच मला म्हणाले, "पोरगी हुशार आहे. माझ्या दोन चुका काढल्या तिनं आज. बरं वाटलं."

एसटी आली. गर्दी होती. मी कशीबशी चढले, मागं जागा मिळाली. खिडकीतून बघितलं, तर सर खाली फलाटावर उभे होते, चेहरा गाडीकडं वर केलेला. मी "सर" म्हणून हाक मारली, पण इंजिनाच्या आवाजात ती पोचली नाही. मी कुठल्या खिडकीत बसले आहे, ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. मग त्यांनी काठी काखेत धरली आणि ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली. एका हातानं गाडीचा पत्रा चाचपत ते खिडकी-खिडकीपुढं थांबले, प्रत्येक खिडकीला हात जोडले, आणि पुढं सरकले. पहिल्या खिडकीत एक आजोबा होते, त्यांनी गोंधळून नमस्कार केला. पुढच्या खिडकीत एक बाई लेकराला घेऊन बसली होती. तिनं लेकराचा हात धरून हलवला. सर पुढं आले. माझ्या अलीकडं दोन खिडक्या राहिल्या असतील, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली. सर जागच्या जागी थांबले आणि उरलेल्या खिडक्या समोरून जाईपर्यंत हात जोडून उभे राहिले.